मुलीच्या एअर रायफलचा अक्रोडी दस्ता: लाख, तेल की पीयू (पॉलियुरेथेन)? (मुक्काम कुडाळ, पावसाळा तोंडावर)

कुडाळकर_बाबा

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो. लाकूड कोणतं, हवा कशी आणि वापर कसा हे कळल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

माझी मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक घेतलं, ते तिने संध्याकाळी घरी आल्यावर चार वेळा बघितलं. त्याचं कांबळवाडी गाव राधानगरी तालुक्यातलं, म्हणजे आमच्या घाटाच्या पलीकडचंच. तेव्हापासून तिने हे मनावर घेतलं आहे. नवी मॅच रायफल आमच्या आवाक्याबाहेरची, म्हणून सेकंडहँड जर्मन बनावटीची घेतली. वर्षभरात तिचा दस्ता ग्रिपच्या वर, जिथे तो सगळ्यात बारीक असतो, तिथे चिरला. आधीच्या मालकाने तिथली जुनी चीर फेविकॉल भरून रंगवलेली होती, हे तेव्हा समजलं.

नवा दस्ता सावंतवाडीच्या एका सुतारकाकांनी करून दिला. लाकूड काश्मिरी अक्रोड, चांगलं मुरलेलं. पुढच्या टोकाला शिसवीचा तीन बोटं रुंद तुकडा जोडलाय. मुलीला समोर उभी करून, तिच्या खांद्याचं, मानेचं, हाताचं माप घेऊन चार महिने काम चाललं होतं. ग्रिपच्या बाजूला लाकडात एक काळसर भोवरा आहे. ओला हात फिरवला की तो दोन मिनिटं उजळतो आणि वाळला की पुन्हा राखाडी होऊन झोपतो. तो भोवरा कायम जागा राहावा एवढीच माझी हौस. बाकीची चिंता टिकाऊपणाची.

आता फिनिशवर तीन जणांची तीन मतं आहेत. सुतारकाका म्हणतात लाख पॉलिश, त्यांच्या घरात तेच चालत आलंय. इथला फर्निचरवाला म्हणतो मेलामाइन मारून देतो, आरशासारखं चमकेल. नेटवर वाचावं तर जो तो तेल लावायला सांगतो.

माझ्या अडचणी सांगतो. आमच्याकडे पाऊस एकदा लागला की सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी येते. घरच्या जेवणाच्या टेबलाला लाख पॉलिश आहे, जुलैत त्यावर पांढरे ढग धरतात. मुलगी जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून दोन-दोन तास उभी असते, गाल आणि उजवा हात घामाने निथळतो. आणि स्पर्धेसाठी पुण्याला बालेवाडीला जावं लागतं, तिथे उन्हाळ्यात हवा पार कोरडी. एकच लाकूड दोन्हीकडे कसं वागणार?

दस्ता सध्या कोरा आहे, माळ्यावर ठेवलाय. पाऊस यायला सहा आठवडे आहेत. स्प्रेगन नाही, हाताने जे होईल तेच करणार. काय लावू?

---

बोळा_आणि_स्पिरिट (कोल्हापूर)

बाबा, मी ३१ वर्षं पॉलिशच्या कामात आहे. वडिलांच्या हाताखाली लाखेवर शिकलो, आता पोटापाण्याला पीयू मारतो. बंदुकीचे दस्ते मोजकेच केलेत, पण लाकूड ते लाकूडच.

पहिलं, तुम्ही चमक, मॅट, रंग याचा विचार करताय. त्याच्या आधी ओल कुठून शिरते ते बघा. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. नळीच्या अंगावरून पाणी सावकाश शिरतं, तोंडातून भसाभस. तुमच्या दस्त्याला अशी आडवी कापलेली तोंडं कुठे आहेत? मागे बटप्लेटखाली, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखाली. पुढच्या टोकाला. बोल्टच्या भोकांत. आणि आत, जिथे यंत्र बसवायला खोदलंय त्या खाचेत. बाहेरून आरसा केला आणि आतला खड्डा कोरा ठेवला तर पावसाळ्यात लाकूड आतून फुगणार, बाहेरून नाही, मग पिळणार. लोकांचे दस्ते बिघडतात ते इथे. उघडून बघा, वरून झक्क पॉलिश आणि आत कोरं लाकूड.

हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्के पाणी धरून बसतं. ३० टक्क्यांच्या कोरड्या हवेत ते ६ टक्क्यांवर येतं. कुडाळचा जुलै आणि पुण्याचा एप्रिल यांत एवढा फरक. लांबीत काही होत नाही, लाकूड आडवं हलतं. अक्रोडाच्या ५० मिलीमीटर रुंदीला पाण्यात ६ टक्क्यांचा फरक पडला तर पाऊण मिलीमीटर हालचाल धरा. पोरगीच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटरचा असतो असं ऐकलंय. आता नेम तेवढा हलतो असं मी म्हणत नाही, पण बोल्टचा आवळा बदलतो, यंत्राची बैठक बदलते, ते तिला जाणवणारच.

कुठलंही फिनिश ओल थांबवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, म्हणजे दुकानदार काहीही सांगो, फसणार नाही.

आता एकेक घेऊ.

लाख. माझ्या जिवाची वस्तू. बोळ्याने मारलेल्या लाखेसारखी खोली कशालाच येत नाही. पण ती स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे सॅनिटायझरमध्येही विरघळते. साबणाच्या पाण्याने मऊ पडते, उष्ण ओलीने पांढरी पडते. गालाच्या घामाखाली दोन महिन्यांत चिकट होईल. सुतारकाकांचा मान राखून सांगतो, वरचा थर म्हणून लाख नको. मात्र लाख लागणारच आहे, ते पुढे सांगतो.

मेलामाइन. कडक, स्वस्त, चमकदार. काचेसारखं असतं, टोला बसला की टवका उडतो आणि टवका उडालेल्या जागी जोड लपत नाही. रायफल केसमध्ये जाते, स्टँडवर टेकते, टोले बसणारच. नको.

टू-पॅक पीयू. बेस आणि हार्डनरवाली. घाम, साबण, सॅनिटायझर, कशाला दाद देत नाही. पण ती चांगली बसते स्प्रेने. हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. शिवाय हार्डनर हवेतल्या ओलीशीच आधी भांडतो, दमट दिवशी मारलं की बारीक बुडबुडे. तुम्ही घरी हाताने करणार म्हणता, तर यात पडू नका.

जवसाचं तेल. लोक डोळे मिटून सांगतात. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि कोकणात तर ते बुरशीचं खाद्य. डबल बॉइल्ड घ्यावं, त्यात सुकवणारं द्रव्य घातलेलं असतं. रेषा उठावदार करायला तेलासारखं दुसरं नाही, तुमचा भोवरा तेच जागं करेल. पण ओल अडवण्यात नुसतं तेल जवळपास शून्य.

म्हणून माझं मत असं. आतली खाच, बोल्टची भोकं, बटप्लेटखालचा छेद, सगळीकडे सावकाश सुकणारं पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) ब्रशने. पहिला हात लाकूड पिऊन घेईल, अर्ध्या तासाने दुसरा, आणि जादा झालेलं कापडाने निपटून काढायचं. थर साचला तर यंत्र बसणार नाही. बाहेरून पहिले दोन हात डबल बॉइल्ड जवस, वॉर्निश आणि टर्पेंटाइन समसमान. कापडाने चोळायचं, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसायचं, एक दिवस थांबायचं. मग तेल बंद. वर पाच-सहा हात सिंगल-पॅक मॅट पीयू वॉर्निशचे, टर्पेंटाइनने पातळ करून, कापडानेच. प्रत्येक हाताच्या मध्ये ४०० चा सँडपेपर, तोही फुंकर मारल्यासारखा हलका. ओरखडा आला तर तेवढाच भाग घासून पुन्हा एक हात, घरच्या घरी.

फिनिशच्या आधी दस्ता ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, लाकडाची लव उठेल, ती ३२० ने उतरवा. असं तीन वेळा. हे टाळलं तर पहिल्या घामालाच ग्रिप मांजराच्या जिभेसारखी खरखरीत होईल.

आणि आता खास शिसवीबद्दल. शिसवीच्या अंगातलं तेल-द्रव्य जवसाला आणि वॉर्निशला सुकूच देत नाही. अक्रोड खणखणीत सुकेल आणि पुढचा तुकडा महिनाभर चिकट राहील. म्हणून त्या तुकड्याला आधी लाखेचे दोन पातळ हात. चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवून बाटली आठवडाभर हलवू नका, मेण खाली बसतं, वरचं निवळ तेवढंच घ्या. मेणावर पीयू धरत नाही. त्या लाखेच्या पाठीवर वॉर्निश बिनतक्रार सुकेल.

शेवटचं, आणि हे विसरू नका. तेलाचे बोळे चुरगळून टाकायचे नाहीत. जवस सुकताना हवेतला प्राणवायू ओढून गरम होतं, बोळा गोळा करून ठेवला तर आपोआप पेटतो. माझ्या वर्कशॉपमध्ये २००९ साली गोणपाटात टाकलेले बोळे रात्री तीनला धुमसत होते. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला वास आला म्हणून दुकान वाचलं. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येक बोळा पाण्याच्या बादलीत जातो. पोरगी घरात आहे, जपा.

---

निवृत्त_हवालदार_सातारा

बोळेवाल्या दादांनी चांगलं लिहिलंय, पण तेलाला शून्य म्हटलेलं बरं वाटलं नाही. पलटणीत आम्ही ईशापूरच्या ७.६२ एसएलआर रायफलच्या लाकडी बटीला जवसाचंच तेल चोळत होतो. त्याआधीच्या पिढीने थ्री-नॉट-थ्रीला तेच चोळलं. तळहाताने चोळायचं, हात गरम होईपर्यंत. पहिल्या आठवड्यात रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. आसामच्या पावसात बटी टिकल्या की नाही? टिकल्या.

मुलीला सांगा, हत्याराच्या लाकडाला रोज हात लागला पाहिजे. शाबास पोरी.

---

बोळा_आणि_स्पिरिट (कोल्हापूर)

हवालदारसाहेब, सलाम. तुमच्या बटी टिकल्या त्या तुम्ही दर आठवड्याला चोळत होता म्हणून, आणि लढाईच्या रायफलला अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका मारायचा नव्हता म्हणून. तेल वाईट नाही, तेल म्हणजे रोजची चाकरी आहे. दहावीच्या वर्षात पोरीला ती जमणार का, एवढंच माझं म्हणणं. तळहाताने चोळायचं तुमचं मात्र शंभर टक्के खरं. शेवटचे दोन हात कापडाऐवजी तळव्याने द्या बाबा, फरक दिसेल.

---

दहा_पूर्णांक_नऊ (पुणे)

मी बालेवाडीलाच सराव करते, माझा स्टॉकही (दस्ता) लाकडी आहे. खेळणारीच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

ग्रिपला खरखरीत रंग, वाळू मिसळलेला थर, चिकट स्प्रे असलं काहीही करू नका. पकड वाढवणारं मटेरियल ग्रिपला किंवा पुढच्या भागाला लावलेलं नियमात बसत नाही, इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेच्या साहित्य तपासणीला अडकाल. साधं मॅट वॉर्निश चालतं. चमक तर नकोच. रेंजच्या दिव्यांची तिरीप चीकपीसवरून (गाल टेकायच्या भागावरून) डोळ्याला लागते आणि गाल चकचकीत थरावर घसरतो.

लाखेबद्दल दादांशी सहमत, आणि कारण अगदी रोजचं आहे. छरे शिशाचे असतात, त्यामुळे आम्ही दिवसातून चार वेळा साबणाने हात धुतो आणि अर्धवट ओल्या हातानेच ग्रिप धरतो. माझ्या आधीच्या स्टॉकची लाख तिथेच गेली, अंगठ्याच्या बेचक्यात.

इपॉक्सी लावण्याआधी ॲक्शन (रायफलचं यंत्र) जिथे टेकते त्या जागा नीट बघून घ्या. आणि सगळं झाल्यावर वजन करा, रायफल साडेपाच किलोच्या आत हवी. वॉर्निशने वाढत नाही फारसं, पण नव्या स्टॉकचं वजन केलंय का आधी?

---

कुडाळकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. वजन केलं होतं, सगळं मिळून ४ किलो ७०० ग्रॅम, काळजी नाही.

दादांचं वाचून रात्री झोप येईना, म्हणून आधी तुकड्यांवर करून पाहिलं. सुतारकाकांकडून त्याच फळीचे उरलेले चार ठोकळे आणले, चारही घासून १०० ग्रॅमला आणले. सोनाराकडे मोजले, आमचे शेजारीच आहेत. एक कोरा ठेवला. एकाला नुसतं जवस, चार हात. एकाला दादांचं तेल आणि वर वॉर्निश. एकाला सगळीकडून इपॉक्सी. दहा दिवस वाळवले आणि झाकणाच्या पिंपात, पाण्यावर जाळी ठेवून, पाच दिवस बंद केले. कोरा ठोकळा चार ग्रॅमने वाढला. जवसाचा त्याच्यापेक्षा जेमतेम काही मिलीग्रॅमने कमी. वॉर्निशचा दीड ग्रॅम. इपॉक्सीचा अर्धासुद्धा नाही. हवालदारसाहेब, रागावू नका, पण हे मी माझ्या डोळ्यांनी काट्यावर पाहिलं.

एका पाचव्या तुकड्याला काकांनीच प्रेमाने लाख मारून दिली होती. त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवलं. सकाळी फडक्याची वीण लाखेवर पांढरी छापलेली. सॅनिटायझरचा थेंब टाकला तर बोटाचा ठसा उमटला. तो तुकडा काकांना नेऊन दाखवला. ते बराच वेळ नखाने खरवडत राहिले, मग म्हणाले, "पेटीक, देवघराक लाख. गालाक नको." त्यांनीच मग शिसवीसाठी लाख भिजत घातली आणि निवळ काढून बाटलीत भरून दिली.

एक प्रश्न. इपॉक्सीनंतर पुढचा बोल्ट घट्ट जातोय, भोकात थर साचला असावा. ड्रिल फिरवू का?

---

बोळा_आणि_स्पिरिट (कोल्हापूर)

ड्रिल अजिबात नको, ते कोरं लाकूड उघडं पाडेल आणि सगळी मेहनत वाया. पेन्सिलीला १८० चा कागद गुंडाळा, हाताने फिरवा, दहा फेऱ्या, मग बोल्ट घालून बघा. पुन्हा दहा. शेवटी त्या भोकात कानकाडीने इपॉक्सीचा एक पुसट हात.

तुकडे करून पाहिलेत हे फार आवडलं. माझ्याकडे येणारी पोरं हे करत नाहीत, थेट दारावर मारतात.

---

कुडाळकर_बाबा

जुलैची २० तारीख. धागा वर आणतोय, कारण पुढे काय झालं ते सांगायला हवं.

बाहेरचं काम मे महिन्यात संपलं. तेलाचे दोन हात, वॉर्निशचे सहा, त्यातले शेवटचे दोन मुलीने स्वतः तळव्याने चोळले. पहिला तेलाचा हात फिरला तेव्हा तो भोवरा असा वर आला, की आमची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली. शिसवीचा तुकडा लाखेमुळे दुसऱ्या दिवशी कोरडा. बोळे बादलीत. पंचवीस दिवस कोणालाही हात लावू दिला नाही.

आता इथे सलग अठरा दिवस पाऊस आहे. भिंती घामेजल्यात, माचिस पेटत नाही. नुसता दस्ता यंत्र काढून सोनाराकडे नेला. मेअखेरीस १ किलो ४१२ ग्रॅम होता, आज १ किलो ४२१. नऊ ग्रॅम. पांढरं कुठेही नाही, बुरशी नाही, खाचेत बोट फिरवलं तर कोरडं. बोल्ट मे महिन्यात जिथे खूण केली होती त्या खुणेवरच आवळून बसतात.

एकच जागा सांगण्यासारखी आहे. चीकपीसवर, जिथे तिचं गालाचं हाड टेकतं, तिथे वॉर्निश रुपयाएवढं गुळगुळीत झालंय, बाकीच्या मॅटपेक्षा जरा उजळ. दादा, त्यावर पाऊस उघडल्यावर एक हात देऊ का? मुलगी म्हणते नको, आता तिथे गाल न बघता बसतो.

रविवारी दस्ता सावंतवाडीला काकांना दाखवायला नेतोय. त्यांची लाखेची बाटलीही परत करायची आहे.

---

बोळा_आणि_स्पिरिट (कोल्हापूर)

देऊ नका. पोरगी म्हणते ते बरोबर. दिवाळीनंतर वॉर्निश झिजून लाकडाचा खरा रंग दिसायला लागला तर बघू, तोवर हात लावू नका. काकांना माझा नमस्कार सांगा, आणि लाख कुठून आणतात तेवढं विचारून कळवा.